बंदरातल्या रांगेत

बंदरात तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई थंड कंटेनरला कान लावून उभ्या होत्या. आतला पंखा चालू आहे ना, हे ऐकत होत्या. त्यांच्या गावातल्या बायकांनी मिळून परदेशी पाठवलेली द्राक्षं आत होती.

“साहेब, जहाज सुटेल हो!”

“मावशी, तुमच्यावर संशय नाही. पण कंटेनर आतलं दाखवणाऱ्या यंत्राखालून गेल्याशिवाय सोडता येत नाही,” अधिकारी हळूच म्हणाला.

मालात लपवून कुणी स्फोटकं पाठवेल, अशी दूरदेशी कुणाला तरी भीती वाटते. ती खोटी नसते, पण तिची झळ इथे येऊन लागते.

द्राक्षं निर्दोष ठरली, तेव्हा जहाज धक्का सोडून गेलं होतं. पुढच्या जहाजापर्यंत ती टिकतील का, कुणीच सांगेना.

“आता रागवावं तरी कुणावर, दादा?” बाईंनी मला विचारलं.

मी आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक जण आपापलं काम चोख करत होता.