घमेल्यातलं पाणी

नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत नजमुन्निसानं सारी हयात घमेल्यात उभं राहूनच अंघोळ केली. साचलेल्या पाण्यात कपडे भिजायचे, मग त्यानंच फरशी पुसायची, उरलंसुरलं लिंबाच्या बुडाशी. ते घमेलं सरकवायचं काम लेकीचं, जोहराचं. तिला त्याची लई लाज वाटायची.

अंथरुणाला खिळल्यावर अम्मीनं एकदाच डोक्यावरून दोन बादल्या पाणी मागितलं. सून सगीरा फणकारली, "टँकर काय फुकटात येतो?"

अम्मी गेली, तसा दारात अख्खा टँकर उभा राहिला. मय्यतीच्या अंघोळीला बादल्यांवर बादल्या रित्या झाल्या. पाणी मोरीकडं धावताना बघून जोहरानं सवयीनं अम्मीला निजवलेल्या तख्त्याखाली घमेलं सरकवलं.

सगीरा कानाशी पुटपुटली, "आपा, आज तरी कंजुषी नको! चारचौघी बघतायत."