दवाखान्यातला पैलवान

बायकोच्या मृत्यूचा दाखला आणायला मी रामनगरच्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. माझ्यापुढे मिशा पिकायला लागलेला एक पैलवान होता. त्या साली डॉक्टरचा कागद असेल तरच नागपंचमीच्या कुस्तीला परवाना मिळणार होता. आखाड्यात उतरावं तसा तो उंबऱ्याला शिवून आत गेला. दार उघडंच होतं. डॉक्टरने छाती तपासली आणि कागद कोराच परत दिला. "दिल कमज़ोर है, अब मत लड़ो."

पैलवान माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "चचा, अखाड़े में हारते तो पीठ पर मिट्टी तो लगती."

मला डॉक्टरचंच पटलं. हिची छाती कुणी वेळेत तपासलीच नाही. मी म्हटलं, "घर तो जिंदा जाओगे."

तो चिडून निघून गेला. चिडू दे.