काचेच्या कडा

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या जीपवर ते तीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, राखाडी रंगाची गाडी घेतली. आई गेली आणि मी त्यांच्याजवळ राहायला आले, तेव्हापासून रोज सकाळी दादा मला त्याच गाडीतून शाळेत सोडायचे. मी जवळच्या एका गावात शिक्षिका आहे.

रविवारी गाडी धुवायची. बाकी गाडी एखादा आठवडा तशीच राहिली तर चालायचं, पण काचा आणि काचांची रबरं यांना माफी नव्हती. उसाच्या दिवसांत आमच्याकडे शेतातलं पाचट पेटवतात, त्याची काळी राख उडत येते. धूळ तर बारमाही. ही दोन्ही जाऊन बसतात ती काच जिथून वरखाली होते त्या रबराच्या खाचेत. दादा जुना दात घासायचा ब्रश शाम्पूच्या पाण्यात बुडवून खाच घासायचे. मग बांबूच्या कामटीला बनियनची चिंधी गुंडाळून ती आतून फिरवायचे, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी बोटाला थोडं ग्लिसरीन लावून रबरावरून हात.

"एवढं कशाला दादा? काच तर खालीवर होतेच की."

"खाचंत बारीक खडा जरी राह्यला ना माय, तर काच दर खेपेला त्याच्यावर घासती. चरा पडला की मंग जल्मात जात न्हाई."

एका हिवाळ्यात मला काचांमध्ये फरक दिसायला लागला. रबरं नेहमीसारखीच, बोट फिरवलं तर कण लागणार नाही अशी. काचेचा मधला भागही लख्ख. पण चारी कडांना राखेचे डाग तसेच राहिलेले. रविवारी गाडी धुतली तरी सोमवारी तेच. मी थट्टेने म्हणालेही, "दादा, आता तुम्ही कामचुकार झालात." ते हसले. मीही हसले. हे मला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही शाळेकडे निघालो होतो. रस्त्याच्या डाव्या कडेने ऊसतोडीची एक बाई चालली होती. डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा होता. मला ती लांबूनच दिसली. दादांनाही दिसली असणार असं मी धरून चालले. गाडी तिच्याजवळ गेली तरी दादा ती बाजूला घेईनात, तेव्हा मी ओरडले. दादांनी ब्रेक दाबला. आमच्या आरशाला अडकून भारा खाली पडला. बाई रस्त्याखालच्या पाण्याच्या चारीत जाऊन उभी राहिली.

मी धावत खाली उतरले. तिला काही लागलं नव्हतं. पण दादा अजून स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते. मागे दोन मोटारसायकली थांबल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर मी माझ्या वडिलांवर ओरडले, "आंधळे झालात काय तुम्ही?"

"मला काय झालं न्हाई, बाई," ती ऊसतोडीवाली म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नका."

दादांनी मान वळवली. माझा आवाज जिथून आला तिथे अंदाजाने बघत ते म्हणाले, "हौ."

मला वाटलं ते रागावून बोलतायत. मग ते हळूच म्हणाले, "कडंचं दिसून न्हाई राह्यलं. दिवाळीच्या आधीपासून. समोरचं बराबर दिसतं, म्हणून म्हणलं चालून जाईल."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू चावी घेतली असती."

त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. शाळेतल्या एका सरांना फोन करून बोलावलं, त्यांनी आम्हाला घरी आणलं. दादा मागच्या सीटवर बसले. जीपवर तीस वर्षं काढली, पण त्यांना मागे बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

जालन्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाकून उरलेली जमेल तेवढी राखायची. "थोडं आधी आला असता तर," असं म्हणून ते थांबले. मी मनात मागचे रविवार मोजत होते.

त्यानंतर दादा कित्येक महिने गाडीजवळ फिरकले नाहीत. मी अंबडला जाऊन गाडी शिकले. काचाही मीच पुसायचे, घाईघाईत, वरवर. एका रविवारी मी काच वर घेत होते तर ती किरकिरली. ओट्यावर बसलेले दादा उठले, भिंतीला हात लावत आले आणि म्हणाले, "थांब. कामटी दे."

तेव्हापासून वाटणी झाली. रबरं त्यांची, काचा माझ्या. त्यांचं बोट खाचेतून सावकाश फिरायचं आणि कुठे कण लागला की तिथेच थांबायचं. असंच एकदा काम चाललेलं असताना मी म्हणाले, "दादा, त्या दिवशी रस्त्यावर मी तसं बोलायला नको होतं."

त्यांचं बोट थांबलं नाही. "तू घाबरली व्हतीस," ते म्हणाले. खाचेच्या टोकापर्यंत बोट गेल्यावर म्हणाले, "मी बी. त्या बाईला काय झालं असतं तर?"

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही पुन्हा तो विषय काढला नाही.

तिसऱ्या वर्षी थेंबांचाही उपयोग होईना. उन्हाळ्यात आम्ही डॉक्टरांकडे शेवटचे गेलो. परत येताना दादांनी त्यांच्या बाजूची काच खाली घेतली आणि चेहरा वाऱ्याकडे केला. कारखान्याच्या वसाहतीचं वळण आलं तर मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "मळीचा वास येऊन राह्यला. आलो ना घरी?"

"आलो."

दारात गाडी थांबवली. त्यांना उतरवायला मी दार उघडलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"बसू दे जरा. ऊन लागून राह्यलं तोंडाला."

मी पुन्हा माझ्या जागेवर जाऊन बसले. आम्ही दोघं तसेच बसलो, ऊन त्यांच्या चेहऱ्यावरून खांद्यावर उतरेपर्यंत. त्यानंतर दादा त्या गाडीत बसले नाहीत. पोळ्याला चार दिवस असताना ते गेले.