कोरडा टब

माझ्या नवऱ्याला परसात गरम पाण्याचा टब हवा होता. सोलापुरात! जिथे उन्हाळ्यात नळाचं गार पाणीसुद्धा चटका देतं, तिथे. निमित्त पाठदुखीचं. टब निवडायला आम्ही दुकानात गेलो आणि तिथे त्या बाई दिसल्या.

साठीच्या, अंगाने भरलेल्या, बोलण्यावरून अकलूजकडच्या. सेल्समन बटणं समजावून सांगत होता. बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ मांडून ठेवलेल्या टबात उतरून पाय पसरले.

"मावशी, तो नुसता बघायला ठेवलाय!" सेल्समन कळवळला.

"बसल्याबिगर कसं कळंल? पॅन्ट घेताना तू घालून बघतोस की."

मग त्यांनी मागे उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याला हाक मारली, "अवो, या की आत."

टोपीवाले काका लाजून चूर झाले. सगळं दुकान बघत होतं. अखेर ते उतरले आणि गुडघे पोटाशी घेऊन समोर बसले. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"लगीन झाल्यापासनं तुमी असं माज्यासमोर कदी बसलाच न्हाय."

"आता काय बोलू?" काका पुटपुटले.

"काय बी बोला. भांडा पायजे तर."

काका हसले, मग त्याही हसल्या. टब तिथेच पसंत झाला. सेल्समनने विचारलं, "पाण्याची लाइन कुठून घेणार?"

"पाण्याचं मागनं बघू," बाई म्हणाल्या.

आम्हीही टब घेतला. बुडबुडे, निळे दिवे, सगळं आहे. नवरा त्यात बसून मोबाइल बघतो आणि मी समोर बसून विचार करते, ती दोघं आज कशावरून भांडत असतील?