मेंबरव्वांचा विरोध

आमच्या ग्रामपंचायतीच्या मेंबरव्वा घरी बसून अंगठा द्यायच्या नाहीत. आज कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? पण बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी दुधनीकडच्या त्या गावात ग्रामसेवक म्हणून रुजू झालो, तेव्हा रीतच अशी होती की सभा पुरुषांची आणि अंगठा बायकांचा. शिपाई ठरावाची वही घेऊन बाई-मेंबरच्या दारात जायचा, बाई चुलीपुढून उठायची, अंगठा उठवायची आणि परत भाकरी थापायला बसायची. मेंबरव्वांकडं गेलेली वही मात्र कोरीच परत आली. शिपायानं निरोप सांगितला, "सभा कुटं हाय, तितंच अंगठा हाय, म्हनल्या."

नाव गंगव्वा. धनगराघरची बाई, पन्नाशीची, उंचीपुरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गावानं 'मेंबर'ला 'व्वा' जोडून त्यांचं बारसं करून टाकलं. बाईमाणूस, त्यात निरक्षर, त्रास देणार नाही, या हिशेबानं सरपंचांनी त्यांना बायकांच्या जागेवर घेतलं होतं. घ्या आता! पुढच्या सभेला त्या हजर. दारात उभं राहून त्यांनी खुर्च्या पाहिल्या, माणसं पाहिली आणि मला विचारलं, "भाऊसाहेब, माजी खुर्ची कंची?" मी माझी दिली आणि स्वतः खोक्यावर बसलो.

खुर्चीवर एक पाय दुमडून त्या लोकर कातत बसायच्या. हातातली चाती गरगर फिरायची आणि लोकरीचा धागा निघत राहायचा. सगळ्यांना वाटायचं, बाईंचं लक्ष नाही. मला दोन-तीन सभांत कळलं की चाती थांबली की काहीतरी खटकलंय. दिवाबत्तीचा विषय असो की शाळेच्या कौलांचा, चाती थांबली की मी मनाशी म्हणायचो, आता आली पंचाईत.

आमच्याकडं मतदान असं काही नव्हतंच. सरपंच विचारायचे, "मंजूर?" चार माना हलायच्या. मी लिहायचो, ठराव सर्वानुमते मंजूर. खरं सांगतो, सूचक आणि अनुमोदक यांची नावंसुद्धा मी सकाळीच घालून ठेवलेली असायची. मेंबरव्वांना हे मान हलवणं पटायचं नाही. त्या हात सरळ वर करायच्या, अगदी छताकडं, आणि खाली घ्यायच्या नाहीत. "मोजलं का?" विचारायच्या. मी मोजलं म्हटल्यावरच हात खाली यायचा. एकदा मी हसलो, तर म्हणाल्या, "हसू नका. आपन मोजताना मेंढरू सोडलं की मग लांडगाच मोजतो."

मग तो गायरानाचा विषय आला. अजेंड्यावर नव्हता. सगळ्यात शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत, चहा सांगून झाल्यावर सरपंचांनी तो काढला. ओढ्याकडचं गायरान खडीच्या मशीनसाठी द्यायची शिफारस करायची. मशीन सरपंचांच्या मेव्हण्याचं, हे सगळ्यांना माहीत. सरपंच माणूस गोडबोल्या. म्हणाले, दुष्काळात आपली माणसं खडी फोडायला कुठं कुठं गेली, आता काम गावातच येईल. तेही खोटं नव्हतं.

चाती थांबली. "मेंढरं कुटं न्यायची?" एवढंच मेंबरव्वांनी विचारलं. धनगरांच्या अकरा घरांना चरायला दुसरं रान नव्हतं. उत्तराऐवजी सरपंचांनी या वेळी हात वर करायला सांगितले. बाजूनं पाच हात वर गेले. विरोधात एक.

"मोजलं का?"

"मोजलं, बाई."

"माजं नाव लिवा. गंगव्वा नको म्हनली, आसं."

"लिहितो की."

मग मी वही ओढली आणि लिहिलं: ठराव सर्वानुमते मंजूर. सवयीनं लिहिलं, हे खरं. पण पूर्णविराम देतानाच चूक माझ्या लक्षात आली, हेही खरं. खाडाखोड केली तर तालुक्याहून विचारणा होणार, सरपंचांचं तोंड वाकडं होणार. वर चहा आलेला. मी वही पुढं केली. इतर वेळी दहा प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंनी, मी 'लिहितो' म्हटलं एवढ्यावर, त्या ओळीखाली अंगठा उठवला.

मशीनसाठी कुंपण पडलं, तेव्हा मेंबरव्वा पायी अक्कलकोटला गेल्या आणि तक्रार देऊन आल्या. चौकशीला विस्तार अधिकारी आले. त्यांनी भर सभेत ठराव वाचला, 'सर्वानुमते' दोनदा वाचलं आणि विचारलं, "हा अंगठा तुमचाच ना?"

मेंबरव्वांनी वहीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या, हे मला चांगलं समजत होतं. मी दौतीकडं बघत राहिलो.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माजाच हाय."

"मग तक्रार कसली?"

"आता कसली न्हाय."

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेलो. माफी मागायची होती, पण त्याआधी त्यांनीच विचारलं, "खरं सांगितलं आसतं, तर तुमची नोकरी गेली आसती काय?"

"नाही. फार तर बदली झाली असती."

"आसं व्हय. आमाला गाव सोडावं लागंल आता." आवाजात राग नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दिवाळीनंतर त्यांच्यासकट सात घरं मेंढरं घेऊन जेऊरच्या बाजूला गेली. पुन्हा गाठ पडली नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत मी ठराव मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय कुणाची सही घेतली नाही, आणि विरोध कुणाचा, हे नावानिशी लिहिलं. त्यावरून दोन सरपंचांशी बिनसलं, एकदा बदलीही झाली. पण मेंबरव्वांच्या मेंढरांना त्याचा काय उपयोग?

ती वही आता कुठल्या कपाटात असेल, देव जाणे. तिच्यातली ओळ मला दुरुस्त करता येत नाही. म्हणून इथं लिहितो. ओढ्याकडचं गायरान खडीच्या मशीनला देण्याबाबतचा ठराव मतास टाकला. बाजूनं पाच, विरुद्ध एक. विरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचं नाव, गंगव्वा.