गाऱ्हाण्यापाशी अडकणारी टेप

म्हापशाच्या त्या दुकानामागे एक खोली होती. खोली म्हणायची म्हणून म्हणायची. दार आत उघडायचं, त्यामुळे मी खुर्चीत बसलो की ते उघडता येत नसे. कुणाला आत यायचं असेल तर मला उठून भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. खिडकी नव्हती. पंखा होता, पण तो मशीनला वारा घालत होता, मला नाही. तिथे बसून मी माझ्याच घरभरणीच्या कॅसेटची पहिली डिस्क बघत होतो, आणि माझे वडील अंगणातून एका उडीत देवासमोर पोचत होते.

बाबांनी आयुष्यात कधी उडी मारली नव्हती. कॅसेटवरून डिस्कवर घेताना चित्रच तुटत होतं.

ही डिस्क मला धड हवी होती, कारण तिच्यावर माझा गणपती अवलंबून होता. आमच्यात घरच्या मोठ्याच्या संमतीशिवाय वेगळा गणपती पुजत नाहीत. आमचं मूळ घर पेडण्यातल्या पार्सेला. तिथून मी निघालो तो खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून. पुढे ड्रायव्हर झालो, स्वतःचा ट्रक घेतला आणि डिचोलीकडे नार्वेला घर बांधलं. घरून मला एक चिराही मिळाला नाही. गोवा वेगळं राज्य होऊन फार काळ झाला नव्हता. घरच्या कार्याला व्हिडिओवाला बोलावणं तेव्हा मोठेपणाचं होतं, म्हणून मी बोलावला. बाबा आले, त्यांनी देवासमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. घरातल्या मोठ्या माणसाने देवाला मोठ्या आवाजात सांगायचं, जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, की बोललेलं पक्कं झालं. धाकट्याने घर बांधलंय, तो इथे आपला गणपती आणून पुजेल, ते मान्य करून घे, असं बाबा देवाला म्हणाले. मी शेजारीच उभा होतो.

बाबा गेल्यावर मी गणपती आणायचं काढलं, तर दादा, माझा मोठा भाऊ, म्हणाला, "बाबानी असां काय म्हटलांच नाय. गणपती एक, तो पार्स्यात."

"कॅसेट आसा. येवन बघ."

"तुज्या घराक येवन टीव्ही बघूक माका येळ नाय."

तेव्हापासून दर गणेशचवथीला मी बायकापोरांना घेऊन पार्सेला जायचो आणि दादाच्या घरात पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा राहायचो. माझ्या घरी जो कोणी येईल त्याला मात्र मी ती कॅसेट दाखवली. बाबांच्या तोंडून 'गणपती' निघाला की टेप थांबवायची आणि विचारायचं, "आयकलंस?" पुढे दादाच्या घरी डिस्कचा प्लेअर आला, आणि मी कॅसेट घेऊन म्हापसा गाठला.

पहिली डिस्क घेऊन दुकानदाराशी भांडलो. तो म्हणाला, "शेट, टेप जुनी झाली. आमी कितें करप?" दुसरी करून दिली, तीही तशीच. मग दोन्ही डिस्क, बाबा देवासमोर येईपर्यंतच्या, लागोपाठ बघितल्या. पहिलीत चित्र मांडवाजवळ आणि जेवणाच्या पंगतीत अडखळत होतं. दुसरीत पंगत साफ, आणि वाजंत्री तुटक. ट्रक रोज एकाच चढावर गचके देत असेल तर चढाचा दोष. कुठेही गचके देत असेल तर डिझेलमध्ये कचरा. मी त्याला म्हटलं, "टेपचो दोष आसलो तर दोनय डिस्कांनी एकाच जाग्यार येतलो. तुझ्या काँप्युटरार आनीक कितें चालता?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. माझी टेप उतरत असताना त्याच मशीनवर तो दुसऱ्या कुणाच्या लग्नाचा अल्बम छापत होता. मशीनला दोन्ही झेपत नव्हतं, म्हणून मधली मधली चित्रं गळत होती. मी सगळं बंद करायला लावलं, मशीनमधल्या जुन्या फायली पुसायला लावल्या, आणि तिसऱ्यांदा करताना स्वतः त्या खोलीत जाऊन बसलो. माणूस समोर बसला की काम नीट होतं.

पंगत साफ आली. वाजंत्रीही साफ आली. बाबा अंगणातून चालत आले. नारळ ठेवला, हात जोडले, तोंड उघडलं, आणि चित्र फाटलं. आडवे पांढरे पट्टे, घोगरा आवाज. "हे देवा म्हाराजा... धाकट्या... घर... हय..." 'गणपती' नाही.

व्हीसीआरचं हेड साफ केलं. टेप शेवटपर्यंत फिरवून परत आणली. दुसरा व्हीसीआर लावला. दरवेळी तीच जागा. म्हणजे हा चढाचा, टेपचाच दोष होता.

घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती कोकमाची सोलं वाळत घालत होती. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून सोलं, मिरच्या, पापड सगळं अंगणात येतं. टेपला बुरशी धरते असं कुणीतरी म्हटल्यापासून आमच्याकडे कॅसेटही त्याच चटईवर यायची.

"आनी तुमी कितें करताले?" बायको म्हणाली. "बाबांकडे आयले की बंद. फाटीं घुंवडावपाची न्हय. वतांत उक्तो उरलो तो कुडको तोच."

थांबवलेली टेप मी मागे न फिरवता तशीच काढून ठेवायचो, म्हणून उन्हात उघडा पडला तो दरवेळी बाबांचाच तुकडा. मी तिच्यावर ओरडलो. तिने चटईवरच्या मिरच्या उलटवल्या.

पुन्हा त्या खोलीत जाऊन बसलो. पट्टे येतात तेवढाच तुकडा पुढे-मागे करत राहिलो, एखादा शब्द सुटून येईल म्हणून. घामाने शर्ट खुर्चीला चिकटला होता. एकदा मशीन थांबवायला उशीर झाला आणि टेप पुढे गेली. पट्टे संपले, चित्र स्वच्छ झालं, "व्हय म्हाराजा!" असा गजर आला. पहिल्या रांगेत हात जोडून, सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणणारा माणूस दादा होता.

इतकी वर्षं मी त्या जागेच्या पुढे टेप कधी जाऊच दिली नव्हती.

चवथीला पार्सेला जेवणं झाल्यावर सगळ्या भावकीसमोर डिस्क लावली. पट्टे आले, बाबा घोगरे झाले, मग दादा दिसला. सगळे त्याच्याकडे वळले.

"आता बोल!" मी म्हणालो. "व्हय कोणी म्हटलां?"

दादाने पानाला चुना लावला. "म्हटलंय रे. पण कित्याक म्हटलंय, ता खंय आयकाक येता?"

माणसं हसली. वहिनी तर पदर तोंडाला लावून आत गेली. मी इतका ओरडलो की शेजारची आरती थांबली असेल. दादाने पान तोंडात घातलं.

संध्याकाळी आमची आरती झाली. दादाने मला दंडाला धरून पुढे ओढलं, "फुडे ये, मागे कित्या?" आणि गणपतीसमोर उभं केलं. पाठीमागे भावकीची भिंत. बाजूला त्याची मुलगी नवा छोटा कॅमेरा घेऊन. दादाने गाऱ्हाणं सुरू केलं. पीक, गुरं, पोरांचं शिक्षण, आणि मग, "...आमी दोगय भाव ह्याच घरात, ह्याच गणपतीक एकठय येतंव. तां असांच चलूं दी रे म्हाराजा!"

सगळ्यांनी श्वास घेतला. देवासमोर घातलेल्या गाऱ्हाण्याला गप्प राहिलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. भांडणारे, कोर्टात जाणारे भाऊसुद्धा तिथे तोंड उघडतात. कॅमेऱ्याचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

दादाने माझ्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला आणि मुलीकडे बघत म्हणाला, "बरां झालां. ह्या मात्र सगळां आयकाक येतला."