सासऱ्यांचा मोकळा शेवट

सिनेमा डोळे मिटून बघणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल, आणि ते माझे सासरे आहेत. मी त्यांना मामा म्हणतो. भिवंडीजवळ पूर्ण्याला त्यांची भातशेती होती. आता तिथे गोदामं उभी आहेत आणि मामांना दिवसभर काही काम उरलेलं नाही. दुसऱ्या कुणी अशा वेळी बैल पाळून शर्यतीत पळवले असते, मामांनी डोकं चक्रावून टाकणाऱ्या सिनेमांचा नाद धरला. स्वप्नाच्या आत स्वप्न, उलटा धावणारा काळ, एकाच खोलीत समोरासमोर बसलेली एकाच माणसाची दोन रूपं, असं काही असलं की त्यांची कळी खुलते. त्यातही जीव पार्श्वसंगीतावर. म्हणून प्रत्येक सिनेमा आधी डोळे मिटून ऐकायचा आणि मग दुसऱ्यांदा बघायचा. "डोले उघडे असले का कान आलशी होतान," असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांना भिवंडीतल्या थिएटरात घेऊन गेलो. सिनेमा संपला, पडद्यावर नावं सरकू लागली, लोक निघून गेले, मामा मात्र हलेनात. झाडूवाला म्हणाला, "चाचा, पिक्चर खतम हो गया." मामा म्हणाले, "पिक्चर खतम, पन बाजा चालू हाय ना." तो बिचारा झाडू टेकवून शेजारच्या खुर्चीत बसला आणि दोघांनी मिळून व्हायोलिन संपेपर्यंत ऐकलं. पुतण्याच्या हळदीत तर मामांनी डीजेला आपला पेनड्राइव्ह दिला. सगळं गाव रंगात येऊन नाचत होतं आणि अचानक स्पीकरमधून खोल घुमणारे ढोल आणि वर वर चढत जाणारी व्हायोलिनं सुरू झाली. नाचणारे जागच्या जागी थांबून एकमेकांकडे बघू लागले. नवरदेवाची आत्या गॅसची टाकी नीट बंद आहे ना, ते बघून आली.

पक्का शेवट मात्र त्यांना कधीच आवडला नाही. एका सिनेमाच्या शेवटी नायक जागा झाला की अजून स्वप्नातच आहे, यावर मी तीन दिवस त्यांच्याशी वाद घातला. "ते त्यालाच माहीत न्हाय, तं मी कोन सांगनार?" म्हणून ते मजेत हसत राहिले.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या छातीत गाठ निघाली. पहिल्या तपासणीत नीट उलगडा होईना. डॉक्टर म्हणाले, पुन्हा नमुना पाठवू, आठवडा लागेल.

"म्हंजे काय?" मामा म्हणाले. "हाय का न्हाय, येवढंच सांगा."

"आत्ता खरंच सांगता येत नाही, काका."

मामा बाहेर आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं, ते गाडीपर्यंत सोडलं नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून मी गाडीत त्यांचंच आवडतं संगीत लावलं. त्यांनी हात पुढे करून ते बंद केलं. "हे नको. याच्यात पुढं काय तरी होनार असतं." तो आठवडा त्या घरात टीव्ही लागला नाही.

आजार निघाला, पण वेळेत सापडला होता. ऑपरेशन झालं, औषधं झाली. आता दर सहा महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. डॉक्टर "सध्या ठीक आहे" म्हणतात, त्यापुढे काही बोलत नाहीत.

त्या आजारपणात सासूबाईंना दुपारी मामांच्या शेजारी बसायची सवय लागली. परवा मी गेलो तेव्हा दोघं एक सिनेमा बघत होते. शेवटी एक म्हातारा बंद दारासमोर उभा राहतो, कडीला हात लावतो आणि पडदा काळा होतो.

"गेला का ओ तो आत?" सासूबाईंनी विचारलं.

आता मामांचं प्रवचन सुरू होणार म्हणून मी सरसावून बसलो.

"गेला," मामा म्हणाले. "बायकोनं भाकरी टाकली होती. दोघं बसून जेवली."

सासूबाई मान हलवून चहा टाकायला आत गेल्या. मी मामांकडे बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"सोमवारी तिला दाखवायला न्यायची हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "येशील ना बरोबर?"